दगड वेचणाऱ्या पोराचं वृत्तपत्र

प्रिय लेकी,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र नीट वाचलं. शहरातली नोकरी सोडून तालुक्याच्या गावी साप्ताहिक काढायचं तुझ्या मनात आहे. वडिलांना ते पसंत नाही. शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या माणसाला हा धंदा झेपतो का, असं तू मला विचारलं आहेस. भांडवल, जाहिराती, नोंदणी याबद्दलही विचारलंस. त्याचं पुढे बघू. पहिल्या प्रश्नाला मात्र सविस्तर उत्तर द्यायला हवं, कारण शेतकऱ्याचं घर ही अडचणच आहे असं तू धरून चालली आहेस. माझी उमेदीची सगळी वर्षं जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर गेली, आणि माझं मत बरोबर उलट आहे.

ते पटवून देण्यासाठी होरेस ग्रीलीची हकिकत सांगतो. 'न्यूयॉर्क ट्रिब्यून' हे दैनिक त्याने १८४१ साली काढलं. पुढची तीस वर्षं अमेरिकेच्या खेड्यापाड्यांत त्याच्याइतका वाचला जाणारा संपादक क्वचितच दुसरा कुणी असेल. त्याचं चांगलं आणि वाईट, दोन्ही तुझ्या उपयोगाचं आहे, म्हणून हातचं न राखता लिहितो.

जन्म ३ फेब्रुवारी १८११ चा, न्यू हॅम्पशायर राज्यातल्या ॲमहर्स्टजवळच्या एका खडकाळ शेतावर. म्हातारपणाकडे झुकल्यावर त्याने आठवणी लिहिल्या, त्यात लहानपणच्या कामांत दगड वेचण्याचं वर्णन आहे. नांगर फिरला की दगड वर येतात. ते वेचायचे, वाहून बांधावर टाकायचे. रान साफ झालं असं वाटतं, आणि पुढच्या नांगरटीला पुन्हा तेवढेच वर आलेले असतात. ज्यांना अजून नांगर धरता येत नाही अशा पोरांच्या वाट्याला हे काम. तुला हे समजावून सांगायची गरज नाही. तुमच्या माळाच्या तुकड्यात नांगरट झाल्यावर काय निघतं, ते मी पाहिलेलं आहे.

बाप, झॅकियस ग्रीली, कष्टाळू होता, पण कर्जात अडकला. १८२० साली जप्ती आली आणि घर, रान, जनावरं सगळं गेलं. त्या काळी तिथे कर्जदाराला तुरुंगात टाकत. अटक टळावी म्हणून बाप राज्य सोडून निघून गेला. होरेस तेव्हा नऊ वर्षांचा होता. मग सगळं घर व्हरमाँटमधल्या वेस्टहेवनला आलं आणि दुसऱ्यांच्या जमिनीवरचं जंगल तोडून, ओंडके जाळून रान मोकळं करून देण्याच्या मजुरीवर जगू लागलं. पोरगं दिवसभर बापाच्या हाताखाली राबायचं आणि रात्री चुलीतल्या चिरफळ्यांच्या उजेडात, मिळेल ते पुस्तक वाचायचं. पुढे आईबापांनी पेनसिल्व्हेनियाच्या पश्चिम टोकाला, ईरी परगण्यात, दाट जंगलातली जमीन घेतली आणि लाकडी ओंडक्यांच्या घरात नवा संसार मांडला. झाडं पाडा, बुंधे उपटा, मग पेरा. त्या काळातल्या गरीब अमेरिकन कुटुंबाचं 'होमस्टेड' हे असं असायचं.

होरेस मात्र आईबापांबरोबर तिकडे गेला नाही. त्याला छापखान्याचं वेड होतं. १८२६ साली, पंधरा वर्षांचा असताना, तो ईस्ट पोल्टनी गावातल्या 'नॉर्दर्न स्पेक्टेटर' या छोट्या साप्ताहिकात शिकाऊ म्हणून राहिला. पहिले सहा महिने फक्त खाणं-राहणं, मग वरखर्चाला वर्षाला ४० डॉलर. त्यातलं जमेल तितकं तो जंगलातल्या घराकडे पाठवत असे. चार वर्षांनी ते साप्ताहिक बंद पडलं. साधारण वर्षभर ईरीकडे आईबापांजवळ आणि आसपासच्या छापखान्यांत काढून ऑगस्ट १८३१ मध्ये तो न्यूयॉर्कला पोचला, तेव्हा त्याच्या खिशात साधारण दहा डॉलर होते. अंगावर खेड्यातले कपडे. छापखान्यांच्या दारांतून तो हाकलला जात होता. शेवटी एका ठिकाणी काम मिळालं, ते बाकीच्या जुळाऱ्यांनी, म्हणजे छपाईचे खिळे जुळवणाऱ्या कामगारांनी, टाकून दिलेलं होतं म्हणून. बायबलच्या नव्या कराराची छोटी आवृत्ती होती, पानाच्या मधोमध अरुंद रकाना आणि त्यात बारीक अक्षरात संदर्भ. एकेक ओळ जुळवायला वेळ लागे, आणि मजुरी मिळायची ती जुळवलेल्या मजकुरावर. चांगले हात असलेले लोक दोन दिवसांत ते सोडून जात. ग्रीलीने ते पुरं केलं.

इथे जरा थांब. दगड वेचलेल्या पोराला ते काम जमलं, यात मला काहीच आश्चर्य वाटत नाही. बातमीदारीतलं खरं काम असंच असतं. रोजगार हमीचं मस्टर, पीकविम्याच्या याद्या, पंचनाम्याचे कागद, फेरफाराच्या नोंदी हे सगळं कंटाळवाणं, बारीक अक्षरातलं आणि न संपणारं. शहरातल्या हुशार पोरांना मुलाखती घ्यायला आवडतं. याद्या वाचायला बसवलं की ती कावतात. तू कापूस वेचलेला आहेस. सकाळी सुरू केलेली सरी दुपारी संपते आणि शेजारी दुसरी वाट बघत असते, हे तुझ्या हातांना माहीत आहे. ही सवय पत्रकारितेच्या कुठल्याही वर्गात शिकवता येत नाही.

आता पैशाचं. ट्रिब्यूनच्या आधी ग्रीलीने पाहिलेल्यांपैकी तीन पत्रं सांगतो. १८३३ च्या जानेवारीत 'मॉर्निंग पोस्ट' नावाचं स्वस्त दैनिक छापायला घेतलं. ते तीन आठवड्यांत आटोपलं. मग 'न्यूयॉर्कर' नावाचं साप्ताहिक. त्याचं नाव झालं, वर्गणीदार हजारोंनी वाढले, पण १८३७ च्या मंदीत लोकांनी वर्गणी थकवली. कागदवाला, घरमालक, कामगार कुणीच थांबत नव्हतं. पत्राची वाहवा होत होती आणि मालक कर्जात रुतत होता. लहानपणी जप्ती पाहिलेल्या माणसाची काय अवस्था झाली असेल, याची कल्पना कर. आठवणींमध्ये त्याने लिहिलंय की भूक, थंडी, फाटके कपडे, कष्ट, लोकांची तुच्छता हे सगळं वाईटच, पण कर्ज त्या सगळ्याहून वाईट. तिसरं, १८४० च्या निवडणुकीतलं 'लॉग केबिन' हे प्रचारपत्र. त्याचा खप ८०,००० वर गेला, पण निवडणूक संपली की असल्या पत्राचं काम संपतं.

आणि मग ट्रिब्यून. १० एप्रिल १८४१, शनिवार. थंडी, बर्फ, वारा. गावभर नुकत्याच वारलेल्या राष्ट्राध्यक्षांच्या अंत्ययात्रेची मिरवणूक. पाच हजार प्रती छापल्या होत्या, आणि त्या फुकट वाटायलाही जड गेलं असं त्याने स्वतः लिहून ठेवलंय. पहिल्या आठवड्याचा खर्च ५२५ डॉलर, जमा ९२ डॉलर. तू मला पाठवलेल्या अंदाजपत्रकात पहिल्या महिन्यापासून खर्च निघतो असं दाखवलं आहेस. ते पान फाड आणि ग्रीलीचे हे दोन आकडे समोर ठेवून नवं लिही.

त्याला तारलं कशाने? मॅकएल्राथ नावाचा एक वकील जुलैअखेर भागीदार म्हणून आला आणि हिशेब त्याने हातात घेतले. ग्रीलीला व्यवहार कळत नव्हता, पण कळत नाही हे त्याला कळलं होतं. तुझं गणित चांगलं आहे हे मला ठाऊक आहे. तरीही सांगतो, बातम्या लिहिणाऱ्याने वसुलीला जाऊ नये. जाहिरातीचं बिल मागायला ज्या दुकानात गेलीस, त्या दुकानातल्या खताच्या लिंकिंगची, म्हणजे खताबरोबर नको तो माल गळ्यात मारण्याची, बातमी तुझ्या हातून होणार नाही. वसुली करणारा माणूस वेगळा ठेव. सुरुवातीला पगार देता आला नाही तर वसुलीवर टक्केवारी दे.

आणि वडिलांच्या सातबाऱ्यावर बोजा चढवू नकोस. एक रुपयाचाही नाही. यावर मी चर्चा करणार नाही.

पण ट्रिब्यून उभा राहिला तो त्याच्या साप्ताहिक आवृत्तीवर, आणि हे तुला सगळ्यांत जवळचं आहे. दैनिक न्यूयॉर्क शहरासाठी. त्याच आठवड्याचा निवडक मजकूर घेऊन 'वीकली ट्रिब्यून' खेड्यांकडे जायचा. एकट्याने घेतला तर वर्षाला दोन डॉलर, गावातल्या बऱ्याच जणांनी मिळून मागवला तर त्याहून खूप स्वस्त. मग गावातलाच कुणीतरी, बरेचदा पोस्टमास्तर, घरोघर फिरून नावं आणि पैसे गोळा करायचा आणि एकगठ्ठा मागणी पाठवायचा. अंक पोस्टाने यायचे, एका घरात वाचून झाले की दुसऱ्या घरात जायचे. १८६० च्या सुमाराला त्याचा खप दोन लाखांच्या घरात होता. शेतीसाठी स्वतंत्र संपादक होता. आधी सोलॉन रॉबिन्सन, नंतर नेथन मीकर. खतं, वाणं, निचरा, फळबाग, औतं यांवर शेतकरी मंडळांतल्या चर्चा सविस्तर छापून येत. त्याच अंकात गुलामगिरीवरचा अग्रलेख असे, संसदेतलं भाषण असे, आणि युरोपची खबर असे.

'त्याच अंकात' हे शब्द मी मुद्दाम लिहिले. आपल्याकडे शेतकऱ्यासाठी काही काढायचं म्हटलं की फक्त फवारणीचं वेळापत्रक देतात, जणू त्याला जगाशी कर्तव्य नाही. ग्रीली तसं मानत नव्हता. जंगल तोडणाऱ्या बापाच्या झोपडीत तो स्वतः जगभरचं वाचत वाढला होता, त्यामुळे त्या झोपड्यांत किती भूक असते याचा त्याला अंदाज होता. तुला आश्चर्य वाटेल, कार्ल मार्क्स हा सुमारे दहा वर्षं ट्रिब्यूनचा युरोपातला लेखक होता. २५ जून १८५३ च्या अंकात त्याचा हिंदुस्थानातल्या इंग्रजी राजवटीवरचा लेख आला. ८ ऑगस्टला दुसरा आला. रेल्वेमुळे हिंदुस्थानात आधुनिक उद्योग उभे राहतील, असं त्यात त्याने मांडलं. मुंबई-ठाणे गाडी धावून तेव्हा चार महिनेही झाले नव्हते. आपल्या मुलखाची चर्चा अशी न्यूयॉर्कच्या पेपरात चालली होती.

तुझ्या साप्ताहिकाचा वाचक कोण हे अंक काढण्याआधी ठरव, आणि ठरवताना गाव हा बातमीचा विषय आहे असं धरू नकोस. गाव हा वाचक आहे. मोठ्या पेपरांत गावाबद्दल खूप छापून येतं. दुष्काळ, आत्महत्या, बिबट्या. ते सगळं शहरातल्या माणसाने वाचायचं असतं. गावातल्या माणसाला जे कळायला हवं ते त्यात सहसा नसतं. मोंढ्यातला किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर आता मोबाइलवर मिळतो. तो तू छापलास तर कुणी पाच रुपये देणार नाही. पण त्या दिवशी आलेल्या शेतकऱ्यांच्या विक्रीच्या पट्ट्या बघितल्यास, वजनात किती तूट धरली, हमाली-तोलाई नियमाने किती आणि कापली किती, पैसे त्याच दिवशी मिळाले की आडत्याने पुढची तारीख दिली, हे दर आठवड्याला मांडलंस, तर तो अंक लोक घडी करून खिशात ठेवतील.

याचा नमुनाही ग्रीलीकडेच आहे. डिसेंबर १८४८ मध्ये तो एका रिकाम्या जागेवर तीन महिन्यांपुरता अमेरिकन काँग्रेसमध्ये निवडून गेला. तिथे सभासदांना प्रवासभत्ता होता, दर २० मैलांना ८ डॉलर, आणि अंतर 'नेहमीच्या वाटेने' मोजायचं. ही नेहमीची वाट किती लांबची, हे ज्याचं त्याने ठरवायचं. ग्रीलीने एक माणूस बसवला, प्रत्येक सभासदाने लावलेले मैल एका रकान्यात लिहवले, टपालाच्या सर्वांत जवळच्या रस्त्याने होणारे मैल दुसऱ्या रकान्यात, आणि जादा गेलेली रक्कम तिसऱ्यात. सगळी यादी नावानिशी ट्रिब्यूनमध्ये छापली. त्यात इलिनॉयहून आलेल्या, ग्रीलीच्याच व्हिग पक्षाच्या एका फारशा प्रसिद्ध नसलेल्या सभासदाचं नाव होतं, अब्राहम लिंकन. यादीबरोबर शिवीगाळ नव्हती. नियमच असा आहे की हे कायदेशीर ठरतं, दोष नियमाचा आहे, असं ग्रीलीने म्हटलं. तरीही सभागृह त्याच्यावर तुटून पडलं, कारण आकड्यांना उत्तर देता येत नव्हतं.

हे तीन रकाने तू पाठ कर. काय घेतलं, काय घ्यायला हवं होतं, फरक किती. पाणीपुरवठ्याच्या टँकरच्या खेपांना ते लागू पडतं, शाळेच्या पोषण आहाराच्या तांदळाला लागू पडतं, रस्त्याच्या डांबराला लागू पडतं. माहितीच्या अधिकारात कागद माग, गावात जाऊन मोजून ये, आणि विशेषणं न लावता छाप. तालुक्याच्या गावी तुला रोज त्याच लोकांसमोर चहा प्यायचा आहे. 'भ्रष्ट' हा शब्द वापरलास तर भांडण तुझ्याशी होईल. आकडे छापलेस तर भांडण आकड्यांशी होईल.

त्याच तीन महिन्यांत ग्रीलीने आणखी एक गोष्ट केली. सरकारी जमीन सटोडियांना विकण्याऐवजी जो स्वतः राहून कसेल त्याला द्यावी, असं विधेयक त्याने मांडलं. न्यूयॉर्क शहरात सरकारी जमीन एक एकरही नाही, मग न्यूयॉर्कच्या सभासदाला याची उठाठेव कशाला, असा सवाल एकाने केला. या सभागृहातल्या इतर कुणाहीपेक्षा जास्त भूमिहीन माणसांचा मी प्रतिनिधी आहे, असं ग्रीलीचं उत्तर होतं. विधेयक तेव्हा बाजूला पडलं. पण ट्रिब्यूनने तो विषय सोडला नाही. १८६० मध्ये तसाच कायदा मंजूर झाला तर राष्ट्राध्यक्ष ब्युकॅनननी तो नाकारला. अखेर २० मे १८६२ ला लिंकनने होमस्टेड कायद्यावर सही केली. १६० एकर, पाच वर्षं राहून कसायची, मामुली फी भरायची. एका विषयाचा पाठपुरावा तेरा-चौदा वर्षं. आपल्याकडे एका बातमीचा पाठपुरावा दोन आठवडे झाला की संपादक म्हणतो, आता पुरे.

पण हे तुला अर्धवट सांगितलं तर मी तुझा गुरू म्हणवून घेण्याच्या लायकीचा नाही. ती जमीन रिकामी नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणाऱ्या मूळ रहिवाशांना हुसकावून, करार मोडून, सैन्य घालून ती 'सरकारी' झालेली होती. या कायद्याखाली पुढे मिळून सुमारे १६ लाख कुटुंबांना २७ कोटी एकरांच्या आसपास जमीन मिळाली. तितक्या जमिनीवरून कुणीतरी उठवलं गेलं. १८५९ मध्ये ग्रीली घोडागाड्यांतून थेट कॅलिफोर्नियापर्यंत गेला आणि वाटेतून पत्रं लिहीत गेला. त्या पत्रांत मूळ रहिवाशांबद्दल त्याने जे तुच्छतेने लिहिलं, ते आज वाचताना मान खाली जाते. न्यूयॉर्कमधल्या भूमिहीनाचं दुःख दिसणाऱ्या माणसाला हे दिसलं नाही, कारण त्यांतलं कुणी ट्रिब्यूनचं वर्गणीदार नव्हतं, कुणी त्याच्या पानांत लिहीत नव्हतं.

तुझा वाचक शेतकरी असेल, ठीक आहे. पण तुझ्या तालुक्यात गायरान कसून खाणारी घरं आहेत, दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारी आहेत, पालावर राहणारे पारधी आहेत. बागायतदाराच्या बांधावरून पाहिलं की गायरानधारक हा अतिक्रमण करणारा दिसतो. त्याच्या पालातून पाहिलंस तर वेगळं दिसेल. बातमीदार नेमताना पहिले दोघे तुझ्या भावकीतले नेमू नकोस. एक त्या वस्तीतला घे.

गुलामगिरीच्या बाबतीत मात्र ग्रीलीने किंमत मोजली. यादवी युद्ध चालू असताना, २० ऑगस्ट १८६२ ला, त्याने लिंकनला उघड पत्र छापलं की दक्षिणेतल्या बंडखोरांच्या गुलामांना मुक्त करण्याचा कायदा तुम्ही नीट राबवत नाही. दोन दिवसांत लिंकनने उत्तर दिलं. राष्ट्राध्यक्षाला संपादकाला उत्तर द्यावंसं वाटलं, इतकी त्या पत्राची पत होती. पुढच्या वर्षी जुलैमध्ये सैन्यभरतीविरुद्ध न्यूयॉर्कमध्ये दंगे उसळले तेव्हा जमाव ट्रिब्यूनच्या कचेरीवर चालून गेला. अमेरिकेतली गुलामगिरी अखेर नष्ट झाली, आणि १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केलं ते त्याचबद्दल, अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. ग्रीलीचं नाव त्या अर्पणपत्रिकेत नाही. पण ज्या लोकमताला जोतीरावांनी मान दिला, ते खेड्याखेड्यांत घडवणाऱ्या कागदांत 'वीकली ट्रिब्यून' होता.

आणि जोतीरावांचा विषय निघालाच आहे तर, वडिलांना मुकुंदराव पाटलांबद्दल सांग. सत्यशोधक विचारांचं 'दीनमित्र' त्यांनी १९१० मध्ये सुरू केलं, नगर जिल्ह्यातल्या खेड्यातून, सोमठाणे आणि मग तरवडी. शहरात जाऊन नाही. खेड्यात छापखाना ठेवून. १९६७ मध्ये ते गेले तोवर ते काम चाललं. शेतकऱ्याच्या घरात राहून पत्र चालत नाही असं कुणी म्हणालं तर हे पुरेसं उत्तर आहे.

आता ग्रीलीचा उतार. त्याला सत्तेच्या पदाची फार ओढ होती. सीवर्ड आणि वीड हे न्यूयॉर्कमधले दोन पुढारी आणि हा, असं त्रिकूट होतं. १८५४ मध्ये आपल्याला डावलून उमेदवारी प्रतिस्पर्धी पत्राच्या संपादकाला, हेन्री रेमंडला मिळाली, तेव्हा त्याने सीवर्डला लांबलचक पत्र लिहून भागीदारी मोडल्याचं कळवलं. ते पत्र वाचवत नाही. ज्याचा अग्रलेख खेड्यापाड्यांत घरोघर वाचला जातो, त्याला ते पद हवंच कशाला होतं? अखेर १८७२ मध्ये तो थेट राष्ट्राध्यक्षपदासाठी ग्रँटविरुद्ध उभा राहिला, संपादकपद सोडलं आणि सपाटून हरला. मतदानाआधी आठवडाभर बायको गेली. निवडणुकीनंतर तो कचेरीत परतला तर पत्र त्याच्या ताब्यात उरलेलं नव्हतं. १८४९ मध्येच त्याने ट्रिब्यूनचे १०० भाग करून सोबतच्या कामगार-संपादकांना वाटेकरी करून घेतलं होतं, ही फार मोठ्या मनाची गोष्ट. पण मागेल त्याला उसने देत, भिडेखातर विकत, स्वतःचे भाग त्याने जवळजवळ सगळे घालवले होते. २९ नोव्हेंबर १८७२ ला तो वारला.

तुझ्याकडेही येतील. पंचायत समितीचं तिकीट घेऊन येतील, महिला राखीव आहे म्हणतील, वर्षभराच्या जाहिराती देतो म्हणतील, मशीन घेऊन देतो म्हणतील. निवडणुकीला उभं राहायचं असेल तर खुशाल राहा, ते वाईट काम नाही; मात्र अर्ज भरायच्या आधी पत्र दुसऱ्याच्या हाती सोपव आणि परत मागू नकोस. आणि निम्म्याहून जास्त मालकी कायम स्वतःकडे ठेव. नवऱ्याकडे नाही, भावाकडे नाही, देणगीदाराकडे तर नाहीच.

वर्गणीदार नाराज होतील या भीतीने मात्र कधी लिहू नकोस. यादवी युद्ध संपल्यावर बंडखोर राज्यांचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस दोन वर्षं खटल्याशिवाय तुरुंगात होता. खटला चालवा नाहीतर सोडा, हे ग्रीलीचं म्हणणं. मे १८६७ मध्ये त्याने रिचमंडला जाऊन त्याच्या जामिनावर सही केली. आयुष्यभर ज्याच्या विरुद्ध लिहिलं त्याला जामीन! साप्ताहिकाचे वर्गणीदार हजारोंनी तुटले. त्याने सही मागे घेतली नाही. त्याच्या सगळ्या कारकिर्दीत मला ही गोष्ट सगळ्यांत जास्त आवडते. वाचकावर प्रेम करणारा माणूस वाचकाला न आवडणारंही सांगू शकतो, आणि तुझ्यावरही ती वेळ येईल. गावातल्या कुणा मुलीने मनाप्रमाणे लग्न केलं म्हणून सगळं गाव एका बाजूला असेल तेव्हा येईल.

शेताबद्दल एक. प्रसिद्धीच्या शिखरावर असताना, १८५३ मध्ये, ग्रीलीने शहराबाहेर चॅपाक्वा इथे जमीन घेतली. दलदल होती; चर खणून पाण्याचा निचरा करण्यात त्याने पुष्कळ पैसा घातला. शनिवार शेताचा, हातात कुऱ्हाड. लोकांना तो छंद वाटे. मला वाटतं तो त्याचा अभ्यास होता. तूही आठवड्यातला एक दिवस रानात जा. पेरणीला, वेचणीला जा. बियाण्याची पिशवी किती रुपयांना आली हे तुला कुणी सांगायची वेळ येऊ नये.

राहिलं तुझं व्यवहाराचं. नोंदणी आता ऑनलाइन होते, प्रेस सेवा पोर्टलवर. २०२३ चा नवा कायदा मार्च २०२४ पासून लागू आहे, १८६७ चा जुना गेला. आधी दोन-चार पर्यायी नावं काढून ठेव. छपाई स्वतःची घेऊ नकोस, जिल्ह्याच्या गावी करून घे. आठ पानांचा हट्ट सोड, चार पुरेत. अंक बाजाराच्या आदल्या दिवशी गावात पोचला पाहिजे, बाजाराच्या दिवशी नाही. आणि पहिला अंक छापण्याआधी वर्षाच्या किमान ३०० वर्गण्या रोख जमव. ग्रीलीच्या पोस्टमास्तरासारखी माणसं शोध, प्रत्येक मोठ्या गावात एक. किराणा दुकानदार, दूध संकलन केंद्रावरचा पोऱ्या, अंगणवाडीच्या ताई. दहा नावं आणील त्याला एक अंक वर्षभर मोफत.

मला मोफत पाठवू नकोस. वर्गणी सोबतच्या पाकिटात आहे, पावती पुस्तकातली फाडून पाठव. वडिलांना माझा नमस्कार सांग. पुढच्या महिन्यात तिकडे येतोय, तेव्हा त्यांच्याशी मी बोलेन.

तुझा,
सर